ऊनखोली

४ ऑक्टोबर
ऊन आज पलंगाच्या पायापर्यंत आलं. दिल्लीत, द्वारकेच्या या तिसऱ्या मजल्यावर मला कॅलेंडर लागत नाही. ऑक्टोबरात पलंगाचा पाय, नोव्हेंबरात गादी, डिसेंबरात थेट मागच्या भिंतीवरचा बाबांचा फोटो.

थंडीची तयारी सुरू. रजई बाल्कनीत टाकली. लोकरीचे मोजे एक नंबर मोठे हवेत, घट्ट नकोत. खुर्चीची चाकं ढकलायचे हातमोजे फाटलेत, नवे आणायचे. हीटर नाही. गरम पाण्याची पिशवी तर नाहीच. अपघातानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात पिशवीने टाच भाजली आणि मला पत्ताच नाही. कमरेखाली काही कळतच नाही, तर कळणार कसं? मार्चपर्यंत पालथी पडून होते. तेव्हापासून एकच औषध, ऊन. त्या वर्षी मिलिंदने माझा पलंग दिवसभर उन्हामागे सरकवत नेला होता. धाकटा भाऊ, पण थोरल्यासारखा वागला. खोलीला ऊनखोली हे नावही त्याचंच.

७ ऑक्टोबर
मि. चं सरप्राइज. नागपूरचं तिकीट! "ताई, अपघातानंतर दीक्षाभूमीला गेलीच नाहीस. मामा स्टेशनवर येतोय. मस्त राहून ये, यार, घाई नको." प्राचीने माझी बॅग भरून दिली, कॅथेटर, औषधं, सगळं आठवून आठवून. भावजय असावी तर अशी. आई म्हणाली, माझे गुडघे, मी नाही येत. मला रडूच आलं. कोण करतं आजकाल एवढं?

२६ ऑक्टोबर
परत आले. मि. स्टेशनवर. गाडीत गप्प गप्प होता, मीच बडबडत होते. स्तूपातली गर्दी, अनोळखी पोरांनी खुर्ची कशी उचलून नेली, मामीचा झणझणीत रस्सा. मांडीवर संत्रा बर्फीचा डबा. घरात शिरल्यावर त्याने खुर्ची डावीकडे वळवली. म्हटलं, अरे, उजवीकडे.

"एक मिनिट, ताई. बघ तर खरं."

उत्तरेची खोली. माझा पलंग, माझं कपाट, बाबांचा फोटो, नवे पडदे. उशीवर चॉकलेट ठेवलेलं. प्राची म्हणाली, "बाथरूम एकदम जवळ!" आणि टाळ्या वाजवल्या.

ऊनखोलीत मि. चं टेबल, दोन स्क्रीन, मागे कुंड्या आणि पुस्तकांचं शेल्फ. त्याचं घरून काम आता कायमचं झालंय. मीटिंगमध्ये चेहऱ्यावर उजेड चांगला येतो म्हणे.

मी डबा उघडला. बर्फी सगळ्यांनी खाल्ली.

२७ ऑक्टोबर
तिकीट. "घाई नको." बॅग भरणं. आता सगळं पुन्हा पहिल्यापासून आठवून बघतेय. स्तूपासमोर तिघांच्या नावाने मेणबत्त्या लावल्या मी. त्याच वेळी इथे माझ्या पलंगाचे स्क्रू काढत होते. एवढी कशी बावळट मी.

२८ ऑक्टोबर
आई मेथी निवडत बसली होती. विचारलं, तुला माहीत होतं?
"हो."
"मग मला का नाही सांगितलंस?"
"तू नाही म्हणाली असतीस."

असं सरळ. जणू माझ्या नाही म्हणण्यावरचा उपायच होता तो. पुढे म्हणाली, त्याच्या नोकरीचं बघावं लागतं ना गं. आणि माझी? मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर आहे मी. हिवाळ्यात घरून कामाची परवानगी मीही मिळवली आहे. मेथीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. मान वर केली नाही तिने.

मि. वर राग आहे. आईचं काय करायचं कळत नाही.

२ नोव्हेंबर
धुरकं. घसा खवखवतोय. खिडकीतून समोरच्या टॉवरची पाठ आणि एसीचे डबे दिसतात. ऊन दिसतं, त्या टॉवरच्या पार वरच्या मजल्यावर, दुसऱ्याच कुणाच्या तरी वाळत घातलेल्या टॉवेलवर. दुपारीच पाय जांभळे पडतात. मांड्या गारठल्या की आपोआप उडतात, खुर्चीच्या पट्ट्यालाही जुमानत नाहीत. या खोलीचं दार अरुंद, जाता-येता बोटांची सालं निघतात. तिकडचं दार मि. नेच मिस्त्री बोलावून रुंद करून घेतलं होतं.

शेवटी बोललेच. म्हटलं, दुपारचे दोन तास तरी मला बसू दे तिकडे.
"ताई, तेव्हाच कॉल असतात. मागे खुर्ची फिरताना बरं दिसत नाही."
बरं दिसत नाही.
"खाली पार्कात जा ना. ऊनच ऊन आहे."
पार्कच्या फाटकात मोटारसायकली येऊ नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेत, माझी खुर्ची अडकते. हे त्याला माहीत नाही? सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावरून भांडून आला होता तो, आवाज बसेपर्यंत. मी तेच म्हटलं. तेव्हा चिडून बोलला,
"और वैसे भी, पायांना थंडी तुला कळते कुठे?"

लिहून ठेवते. नाहीतर पुढे मला वाटेल, असं तो म्हणालाच नसेल.

४ नोव्हेंबर
मि. सॉरी म्हणाला. "निघून गेलं तोंडातून." ठीक आहे. टेबल जिथे आहे तिथेच आहे.

प्राचीने हातमोजे आणून दिले, आतून मऊ, माझ्या मापाचे. तिच्याशी धड भांडताही येत नाही.

९ नोव्हेंबर
सकाळी रजईत रबराचा वास. हात घातला तर गरम पाण्याची पिशवी. डाव्या टाचेवर फोड, चांगला रुपयाएवढा.

आईने ठेवली होती. "हात लावून बघितलं तर बर्फ गं नुसता. राहवलं नाही." रडत होती. मीही रडले, पण तिला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं का? तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तेव्हाच्या जखमेचं ड्रेसिंग तिनेच केलं होतं, रोज. तिच्याच हो म्हणण्याने पाय गारठले आणि मग तिलाच ते बघवेनात.

प्राचीने डॉक्टरांना फोन लावला. मि. दारात उभा राहून बघत होता. मला वाटलं, आता तरी म्हणेल, चल ताई, तिकडे. संध्याकाळी बाहेर जाऊन आला आणि एक खोकं आणलं. हवा शुद्ध करायचं मशीन. या खोलीसाठी. भिंतीला नीट टेकवून, वायर लपवून लावून दिलं.

म्हणजे खोली हीच. ठरलं.

१३ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, फोड फुटलाय, पण वरवरचा आहे. पायावर दाब नको, पाय थंड पडू देऊ नका. "धूप में बैठिए रोज़, बढ़िया इलाज है." हसायलाच आलं. मि. शेजारीच उभा होता, प्रिस्क्रिप्शनची घडी घालत.

१५ नोव्हेंबर
आज गेले.

अकराच्या सुमाराला. न विचारता. मि. कॉलवर होता, कानात हेडफोन, हिंदी-इंग्लिश चाललं होतं. रुंद दारातून खुर्ची सरळ आत, कुठे घासली नाही. जिथे माझी उशी असायची तिथे आता शेल्फ आहे. त्याच्या पुढ्यात खुर्ची लावली, पाय स्टुलावर घेतले. ऊन मांडीपर्यंत येऊन थांबलंच होतं. पायांना कळत नाही, खरं आहे. पण मला कळतं.

त्याने माइक बंद केला. "ताई, कॅमेरा चालू आहे."
"असू दे."
"प्लीज, यार. क्लायंट आहेत."
मी खिडकीकडे तोंड केलं.

 त्याने माउसवर बोट टेकवलं. खिडकीच्या काचेत त्याची स्क्रीन दिसत होती, म्हणून मान वळवून नीट बघितलं. त्याच्या मागे समुद्र आला होता. निळा, माडाची झाडं. शेल्फ नाही, कुंड्या नाहीत, मी नाही. मी हलले की पाण्यात माझा एखादा खांदा उगवायचा आणि बुडायचा.

उन्हामागे माझा पलंग सरकवणारा हाच हात.

ऊन जाईपर्यंत बसले. तो एकदाही वळला नाही. आई दारापर्यंत आली, माझ्या पायांवर शाल टाकून गेली. कुणाकडेच बघितलं नाही तिने.

१६ नोव्हेंबर
रविवार. मि. घरात, खोली बंद. संध्याकाळी तिकडून ड्रिलचा आवाज आला, थोडाच वेळ. प्राचीला विचारलं. म्हणाली, "पडद्याची दांडी असेल, ताई." माझ्याकडे न बघता.

त्या दाराला कालपर्यंत तरी आतून कडी नव्हती. मी आत एकटी पडले तर कुणाला येता यावं म्हणून मि. नेच काढून टाकली होती.

उद्या अकराला जाणार. हातमोजे उशाशी ठेवलेत.