चर्चमागचे केशरी खांब

४ मार्च
उभे केले शेवटी! चर्चमागच्या मोकळ्या जागेवर खांब रोवून वर केशरी जाळी बांधली आहे. इमारत एवढी उंच होणार, आधी डोळ्यांनी बघून घ्या, हा आमच्या गावचा नियम. स्वस्त भाड्याची बत्तीस घरं म्हणे. एकतीस वर्षं स्वयंपाकघरातून टेकडी बघत आले. ती सुखासुखी झाकू देणार नाही.

६ मार्च
शेजारची लॉरेन समजावून गेली, "सभेत गरिबांचं नाव काढायचं नाही हं. गाड्या, सावली, झाडं — बस." मी म्हटलं, मी गरिबांच्या विरोधात नाहीच मुळी. ती हसली. मला नाही आवडलं ते हसणं.

विरोधाच्या अर्जाला जोडायला खांबांचे फोटो हवे होते. कामाच्या लूझला माझ्या नवऱ्याच्या, हार्लनच्या खोलीच्या खिडकीतून काढायला लावले. त्याला पक्षाघाताचा झटका आल्यापासून उठवणं-बसवणं, दाढी, जेवण सगळं तीच बघते. पहाटे साडेचारला ट्रेसी गावाहून निघते तेव्हा कुठे सातला इथे पोचते. हार्लनला या घरातून हलवणार नाही, हा माझा शब्द आहे. तो तिच्यामुळेच पाळता येतो.

"अजून जवळून काढू का, मॅडम?" म्हणाली. फोटो छान आलेत.

१२ मार्च
सभेतलं भाषण हार्लनला चार वेळा वाचून दाखवलं. चौथ्यांदा त्याने डोळे मिटून घेतले.

१४ मार्च
नगर परिषदेची सभा. बोलणाऱ्याने आधी नाव-पत्ता सांगायचा. मी ठणकावून सांगितला — बावीस, अल्डर लेन.

माझ्यानंतर पाचवी कोण? लूझ! मला वाटलं होतं, घरी गेली. "नाव लूझविमिंडा आबाद. झोपायला ट्रेसीला जाते. आठवड्याचे सहा दिवस मात्र बावीस, अल्डर लेन. यातल्या एका घरासाठी मी अर्ज करणार आहे."

माझ्याच घराचा पत्ता! कान तापले माझे.

१५ मार्च
विचारलंच. "मला सांगायचं होतंस."
"तुम्ही विचारलं नव्हतं, मॅडम."
"फोटो काढताना तरी?"
"तुम्ही काढायला सांगितले, मी काढले."
हार्लनला भरवत होती. हात जराही थांबला नाही. मी म्हटलं, माझं मत बदलणार नाही. "नका बदलू," म्हणाली.

२ एप्रिल
जिंकलो. परिषदेने घरं नाकारली, तीन विरुद्ध दोन. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे, मला लाज वाटत नाही.

९ एप्रिल
लूझ चालली. ट्रेसीतच एका शुश्रूषागृहात काम मिळालंय, घरापासून दहा मिनिटांवर. शुक्रवारपर्यंत येईल. मी थांब म्हटलं नाही. म्हणणारही नाही.

६ मे
चौथी बाईसुद्धा आठवड्यात गेली. बायका पुरवणाऱ्या संस्थेचा माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, रोज एवढ्या लांब कोण येणार? तुमच्या गावात राहणारी एखादी बघा ना." मी फोन आपटला.

काल हार्लनला उचलताना दोघंही पडलो. लॉरेनचा नवरा येईपर्यंत जमिनीवरच होतो. हार्लन "लूझ, लूझ" करत होता.

२० मे
हार्लनला ट्रेसीला हलवलं, लूझच्याच शुश्रूषागृहात. घर विकायला काढलंय. रोज तिथवर जाऊन येणं मला झेपणार नाही.