आजची बोट

प्रिय ठमाबाई,

पार्सलमधला पत्र्याचा डबा तुझ्या काकूने भरलाय. साबणाची वडी, गॉजच्या घड्या, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, कात्री, चिमटा. थर्मास मात्र मी त्यात ठेवलाय. झाकणाला पोचा आहे, पण पाणी अजून गरम राहतं. काकूने बजावलंय, "पोरीला भाषण ठोकू नका, नुसती यादी लिहा." तिचंही बरोबर आहे. चाळीस वर्षं सभांमध्ये भोंग्यापुढे उभा राहिलेला माणूस दूधवाल्याशी बोलतानाही हात उंचावतो. आज हात खाली ठेवून लिहायचा प्रयत्न करतो. जमेलच असं नाही.

परवा फोनवर मी विचारलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का? तू हसलीस आणि तुझ्या बाबाचं वाक्य माझ्याच तोंडावर फेकलंस, "सभा आधी, पाय नंतर! काका, मी कोणाची मुलगी आहे?" मीही हसलो. फोन ठेवला आणि मग दुपारभर खुर्चीतून उठलो नाही. काकूने दोनदा विचारलं, गुडघा धरलाय का? मी हो म्हटलं.

तू सहा महिने खारफुटीतल्या झाडांची पाहणी करायला चाललीस. गुडघाभर चिखल, चिखलात शिंपल्यांच्या कडा, हवा अशी दमट की दोरीवरचा रुमाल तीन दिवस वाळत नाही. जिथे रुमाल वाळत नाही तिथे जखम कुठून वाळणार? इथे जो ओरखडा आपण संध्याकाळपर्यंत विसरतो, तो तिथे ओला राहतो, आणि ओल्या जागी जंतू बिऱ्हाड थाटतात. जुन्या लढायांचे इतिहास मी ढिगाने वाचलेत. सैन्यंच्या सैन्यं तोफेने कमी आणि हगवणीने, तापाने, सडलेल्या जखमांनी जास्त मेली, आणि पुतळे मात्र तोफेपुढे मेलेल्यांचे उभे राहिले. माझं ठाम मत आहे की, साबणाच्या वडीचा पुतळा आधी उभारायला हवा होता. (बघ, हात वर गेलाच.)

तेव्हा ऐक. कापलं की हातातलं काम टाकायचं. हात धुवायचे, स्वच्छ कापडाने जखम दाबून धरायची, रक्त थांबलं की उकळून गार केलेल्या पाण्याने भरपूर धुवायची, साबण लावायचा, रेतीचा कण राहिला असेल तर चिमट्याने काढायचा. टिपून कोरडी करायची, मलम लावायचं, झाकायची. पट्टी रोज बदलायची, आणि भिजली तर तेव्हाच्या तेव्हा. डास चावला तर खाजवायचं नाही, नखं बारीक ठेवायची. नखानेही दार उघडतं. कोणी प्रेमाने राख, तंबाखू, डिझेल लावायला येईल. त्यांना हसून नमस्कार करायचा आणि पाय मागे घ्यायचा. नदीचं पाणी जखमेला लावायचं नाही. हे मी पुन्हा लिहितो, ठमे: नदीचं पाणी लावायचं नाही.

तुझा बाबा गेला तेव्हा तू चार वर्षांची होतीस. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण सभेचा भोंगा तो बसवायचा. स्वतः दिवसाला चार वाक्यं बोलला तर खूप. मी बोलायचो, आणि मी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावं याची व्यवस्था तो करायचा. तारा, बॅटरीची पेटी, आणि माझ्या गळ्यासाठी उकळलेल्या पाण्याचा थर्मास, सगळं त्याच्या खांद्यावर. एकदा ऐन रंगात आलेल्या भाषणात आवाज गेला. मी त्याच्याकडे डोळे वटारले, तर हा शांतपणे म्हणतो, "दादा, तार मीच काढली. मागची बाई पोराला निजवतेय, जरा दम घे." असा होता तो.

त्या वर्षी आम्ही नदीच्या मुखाकडच्या लाकूड कारखान्यांत सभा घेत चाललो होतो. तिथले कामगार बारा बारा तास करवतीपुढे उभे असत आणि बोटं गमावत. त्यांना संघटित करायचं होतं. ते काम खरं होतं, आजही मी त्याची लाज बाळगत नाही. बोटीतून उतरताना बॅटरीच्या पेटीची लोखंडी कड बाबाच्या नडगीला लागली. जखम माझ्या अंगठ्याखाली झाकली जाईल एवढी. तो काठावर बसला आणि ओंजळीने नदीचं पाणी त्यावर मारू लागला. थर्मास माझ्या मांडीवर होता. मी तो पुढे केला, अगदी पुढे केला असंही नाही, जरासा उचलला. तो म्हणाला, "राहू दे, तुझ्या गळ्याला लागेल." मी ठेवून दिला. मग त्याने तारा पुसायचं फडकं नडगीला बांधलं आणि आम्ही चिखलातून चालू लागलो.

तिसऱ्या दिवशी नडगी लाल, गरम, टम्म. कारखान्याच्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या, तोंडाने फटकळ. त्यांनी निळ्या पेनाने लालीच्या कडेने रेघ ओढली आणि म्हणाल्या, "ही रेघ ओलांडली तर माझ्या हातात काही नाही. दुपारची बोट धरा. पुढची तीन दिवसांनी आहे." जेवणाच्या वेळी मी पाहिलं, लाली रेघेच्या वर दोन बोटं गेली होती आणि एक लाल पट्टा गुडघ्याकडे चढत होता. संध्याकाळी सभा होती. त्याला हुडहुडी भरली असताना त्याने भोंगा बसवला. मी दीड तास बोललो. फार चांगलं बोललो, दुर्दैवाने. तीन दिवसांनंतरच्या बोटीने आम्ही निघालो. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी रक्तात विष भिनलंय एवढंच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. एकतीस वर्षांचा होता.

यापुढची गोष्ट तुला पाठ आहे. नर्सबाईंनी बोट धरा म्हटलं, तर भोंग्याने मान हलवली आणि तो म्हणाला, सभा आधी, पाय नंतर. शोकसभेत मी ती सांगितली तेव्हा माणसं ढसाढसा रडली. मग दरवर्षी सांगितली. ते वाक्य कारखान्यांच्या भिंतींवर लागलं, तुझ्या शाळेच्या वहीवर लागलं, आणि तुझ्या आईने कोऱ्या चेहऱ्याने ते ऐकून घेतलं. तिला चार वाक्यं बोलणारा माणूस ठाऊक होता. एवढं टाळीचं वाक्य त्याचं नाही, हे तिला पहिल्या दिवशी कळलं असणार. ती मला कधी काही बोलली नाही. तीच माझी शिक्षा होती, आणि मी तीही सोयीची करून घेतली.

ते वाक्य माझं आहे, ठमे. शोकसभेला जाताना बसमध्ये जुळवलं. त्या दुपारी तुझा बाबा दवाखान्याच्या पायरीवर बसला होता, पेनाच्या रेघेकडे बघत. त्याने मला विचारलं, "दादा, आजच्या बोटीने जायचं का?" आयुष्यात त्याने माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. मी म्हणालो, "सभा होऊ दे." त्याने मान हलवली आणि तो तारा सोडवायला उठला. परवा तू हसत माझं खोटं मला ऐकवलंस तेव्हा मला दिसलं की, ते तुझ्याबरोबर चिखलात उतरणार आहे. म्हणून हे पत्र. मला क्षमा करायची की नाही, ते सावकाश ठरव. इंजेक्शन मात्र उद्या सकाळी घे. थर्मासमध्ये रोज उकळलेलं पाणी भर, आणि ते गळ्यासाठी नाही. आणि एखाद्या दिवशी लाली रेघ ओलांडेल आणि कोणी मोठा माणूस सांगेल की एवढं काम होऊ दे, तर त्याच्याकडे बघूही नकोस. वहीवर बाबाचं वाक्य हवंच असेल, तर माझं खोडून त्याचं लिही: आजच्या बोटीने जायचं का? आणि त्याला कोणी दिलं नाही ते उत्तर तू दे. जा.

तुझाच,
आज भोंग्याशिवाय बोलणारा,
काका