बॅटरीची खोली

सोमवार, ६

दादा म्हणतो, करायचंच. आणि मीच करायचं — टेलिफोन कचेरीत आपलं माणूस दुसरं आहे कोण?

गोदीतला संप मोडायला सरकार परवा फौज आणणार. छावणीशी होणारं सगळं बोलणं आमच्या बोर्डावरून जातं. त्या सकाळी बोर्ड मुका पडला, तर संपाच्या पुढाऱ्यांना निसटायला वेळ मिळेल. दादा औषधांच्या दुकानात कामाला, त्याला असल्या गोष्टी बरोबर ठाऊक. बॅटऱ्यांच्या ॲसिडमध्ये धुण्याचा सोडा टाकला की खेळ खलास. ना धमाका, ना आग.

वहिनी तिथेच भांडी घासत होती. ऐकलं असणार.

मंगळवार, ७

जिन्याखालच्या बॅटरीच्या खोलीत डोकावून आले. बॅटरीवाले मामा बॅटऱ्यांच्या काचेच्या बरण्यांत पाणी घालत होते. मला बघून म्हणाले, "या, माझी पोरं बघा. वेळेवर पाणी पाजलं नाही तर रुसून बसतात."

मी हसले.

सोडा डब्यात भरून ठेवलाय.

बुधवार, ८

झालं!

मामा सकाळी चहाला बाहेर गेले तेव्हा. खोलीला कुलूप ते कधीच लावत नाहीत. सोडा पडला की फेस फसफसून वर यायचा, उतू जायचा. घाईत ॲसिडनं दोन बोटं भाजली. पदरात हात लपवून वर आले, जागेवर बसले. थोड्या वेळानं बोर्डावरचे दिवे मंदावले, मग गेलेच. कचेरीचा साहेब जिना धावत उतरला. त्याला धावताना पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी कळलं — फौज पोचली तेव्हा दुपार टळली होती आणि गोदी रिकामी! दादानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. वडील गेले तेव्हा ठेवला होता, त्यानंतर आजच.

गुरुवार, ९

मामांना नेलं.

बेड्या घालून, आम्हा सगळ्या मुलींच्या समोरून. त्यांची संपवाल्यांत ऊठबस आहे असं पोलिसांना कुणीतरी कळवलं म्हणे. मामांची! घर आणि कचेरी, यापलीकडे त्या माणसाला तिसरी वाट माहीत नाही. जाताना साहेबाला एवढंच सांगत होते, की बरण्या कोरड्या ठेवू नका, आतल्या पट्ट्या खराब होतील.

दादाला म्हटलं, मी जाऊन खरं सांगते. तो एकदम उसळला. "वेड लागलंय का तुला? तू तोंड उघडलंस की सगळेच जातील. म्हातारा माणूस आहे, चार दिवसांत सोडतील."

रविवार, १२

सोडलं नाही.

सोमवार, १३

मामी कचेरीच्या फाटकाशी उभ्या होत्या, धुतलेला सदरा घेऊन. तुरुंगात त्यांना कुणी दाद देईना, म्हणून इथे आल्या. म्हणाल्या, तुम्ही शिकलेल्या, तुमचं ऐकतील. सदरा माझ्या हातात देताना त्यांचं लक्ष बोटांकडे गेलं.

"भाजलं की काय?"

इस्त्रीनं, म्हटलं. तर म्हणाल्या, खोबरेल लावत जा, डाग राहणार नाही.

तुरुंगाच्या दारावर सदरा दिला. आत पोचला की नाही, देव जाणे.

बुधवार, १५

नव्या बॅटऱ्या आल्या. बोर्ड सुरू. मामांचा खटला लष्करी कोर्टात चालणार. मुली कुजबुजत होत्या — फाशीसुद्धा होईल.

रात्री जेवले नाही. वहिनीनं माझं ताट झाकून ठेवलं. दादा म्हणाला, लढ्यात एखाददुसरा बळी जायचाच. हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

शुक्रवार, १७

सुट्टी होती. एक मुलगी तापानं पडली म्हणून आयत्या वेळी मला बोलावलं. दादा तोवर दुकानात गेलेला, त्याला पत्ता नाही.

दुपारी बोर्डावर दादाच्या दुकानाचा दिवा लागला. "पोलिसांचे मोठे साहेब द्या." दादा! "जोडते," म्हटलं. त्यानं ओळखलं नाही. बोर्डावर आम्ही सगळ्या एकाच सुरात बोलतो.

ऐकत राहिले. साहेब म्हणाला, म्हातारा काही कबूल होत नाही, नाव तुम्हीच दिलंत, खात्री आहे ना? दादा म्हणाला, "ते तुम्ही बघा. माझ्या बहिणीला हात लावायचा नाही, एवढंच आपलं ठरलंय. गोदीवाले कुठे लपलेत, ते सांगतो."

त्यानं पत्ता सांगायच्या आत वायर उपटली.

आता आधी गोदीवाल्यांना सावध करायचं; त्यांची जागा दादाच्याच तोंडून घरी ऐकलेली. तिथून सरळ पोलीस ठाण्यात, खरं सांगायला. मामा सुटतील का, माहीत नाही. वहिनीला सांगून जावं की नाही, तेवढंच ठरत नाहीये.