अखाजीपर्यंतची मुदत

धुळे

तीर्थस्वरूप अक्कास, धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि सुरतेचा उकाडा यांपैकी जे जे वाढलं असेल ते लवकर उतरो. इकडे सर्व क्षेम. (रत्नाच्या मते फक्त ती क्षेम आहे, मी नुसता बसून असतो.)

चोपड्याच्या शेताचा सौदा करतोय हे फोनवर सांगितलं, तेव्हा तू म्हणालीस, "तुले पटस ते कर," आणि भाऊजींच्या गोळ्या शोधायला गेलीस. मी बराच वेळ फोन कानाला लावून होतो. धुळ्यात बसून पोरांना सुभाषितं शिकवणाऱ्याच्या हातून केळी पिकत नाहीत, हे केळींनीच सिद्ध केलंय. घेणारा प्रेमराज तिथं लग्नाचं लॉन काढणार. माणूस सज्जन, बांधावरच्या निंबाकडे पाहून "इथे पार्किंग" एवढंच म्हणाला. त्याच निंबाला आपला अखाजीचा झोका असायचा, आणि तू तो इतका उंच न्यायचीस की आई खालून एकेका देवाला हाक मारायची.

पार्किंगचं ऐकलं आणि मला शास्त्र आठवलं. आपल्याकडे शापाबरोबर उःशाप असतो. साठेखत करताना वकील सुनंदाबाईंना म्हटलं, एक अट घाला: जमीन वडिलोपार्जित, तेव्हा बहिणीची सही हवीच, ती अखाजीपर्यंत (कागदावर 'अक्षय्यतृतीयेपर्यंत') झाली नाही तर विसार परत देऊन करार रद्द करायचा हक्क विकणाऱ्याला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सर, विकायचंय ना नक्की?" विकायचंय म्हणून तर आलोय, म्हटलं. प्रेमराजने हसत अट मान्य केली. अखाजीला बहीण माहेरी येणार नाही, असं खानदेशात कुणाच्या मनात तरी येईल का?

माझ्याही आलं नाही, ही गंमत. आई गेल्यापासून तू आलेली नाहीस. "आता तिथे कोण शे?" असं तू एकदा सुरतेत म्हणाली होतीस. (मी समोरच उभा होतो. असो.)

आता प्रेमराज रोज सकाळी विचारतो, "सर, अक्का कवय येणार शे?" येईल, म्हणतो, आणि दिवसभर हिशेब मांडतो. तू आलीस तर शेत जातं. नाही आलीस तर शेत राहतं, पण झोक्यावर बसायला कुणी नसतं. अशा पेचाला आपले मीमांसक दोन्हीकडे फास असलेली दोरी म्हणतात. माझी मान मधे आहे. बरं, तू येऊन सही नाकारशील म्हणावं, तर मी पुढे केलेली वस्तू तू आजवर कधी नाकारली नाहीस. माझी उष्टी कैरीसुद्धा.

तेव्हा तुला सवडीप्रमाणे जमेल तसं कर. माझा कसलाच आग्रह नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
नवल

ता. क. आग्रह आहे. अखाजीच्या आदल्या दिवशीच ये, भाऊजींनाही आण. रत्ना खापरावरच्या पुरणपोळ्या करणार आहे. येताना आधार कार्ड तेवढं सुरतेलाच विसर; त्याशिवाय रजिस्ट्रार सही घेत नाही. माणसाकडून एखादी गोष्ट राहतेच. प्रेमराजला काय सांगायचं ते मी बघतो, विसार बँकेत तसाच आहे.

ता. क. दुसरा. बाजारातून जाड दोर आणून दारामागे ठेवलाय. रत्नाला सांगितलंय, शेतातल्या विहिरीसाठी आहे. विहिरीवर कधीचीच मोटार बसलीय, हे तिला ठाऊक आहे. तिनं नुसतं विचारलं, झोक्याला एवढा पुरेल ना.