शेवटचा फर्मा

४ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आप्पांनी मागितलेला, कप्तानाच्या गोष्टीचा दुसरा भाग सोबत पाठवतो आहे. त्यांनीच बांधलेला, दुकानाच्या वरच्या फळीवर होता. लहानपणी तो हरवलाय असं ते आपल्याला का सांगत, ते आता कळलं. परवा वाचायला बसलो. या जहाजावरून त्या जहाजावर उड्या मारणारा आपला कप्तान यात म्हातारा होतो. सोबती एकेक करून जातात आणि शेवटी तोही, बंदरावरच्या एका खोलीत, उशाशी कुणी नसताना. तू हसशील, पण झाडूची तलवार करून तुला कपाटावर चढवणाऱ्या या पन्नाशीच्या शूरवीराला दुपारभर सुईत दोरा ओवता आला नाही.

हे आप्पांना या दुखण्यात कसं ऐकवायचं? शेवटची सोळा पानं, म्हणजे अख्खा एक फर्मा, मी उसवून ठेवला आहे. आता गोष्ट संपते तेव्हा कप्तान गलबतावर उभा आहे आणि वारा चांगला आहे. तेवढंच वाच. तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणून बजावतो, बोलू नकोस. शाळांची पुस्तकं बांधायला आली आहेत, ती उरकली की येतोच. आप्पांना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

१५ सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पुस्तक काल वाचून संपवलं. मी अवाक्षर काढलं नाही, तरी तुझी चोरी पकडली गेली, तीही आप्पांना दिसत नसताना. मिटलेलं पुस्तक हातात दिलं, तर पाठीवरून अंगठा फिरवून त्यांनी विचारलं की धाकट्याने एकच फर्मा काढला की दोन. पानं कमी केलीस आणि पुठ्ठा जुनाच ठेवलास. चाळीस वर्षं बाइंडिंग केलेल्या माणसाला त्याच्याच पुठ्ठ्यात फसवायला निघालास. खूप दिवसांनी ते हसले.

मग म्हणाले, शेवट त्यांना पाठ आहे. आई गेली त्या वर्षी तो त्यांनी एकट्याने वाचला होता आणि आपल्याला दाखवायचा धीर त्यांनाही झाला नव्हता. आता तो त्यांना कुणाच्या तरी आवाजात ऐकायचा आहे. मी वाचते म्हटलं, तर नको म्हणाले. ज्याने काढला त्यानेच वाचावा.

डॉक्टर आता दिवसांचीच भाषा बोलतात. तुझी पुस्तकं मात्र चार महिने उरकतायत. रागावत नाही, पण फर्मा टपालाने पाठवू नकोस.

तुझी वाट पाहणारी,
ताई

१८ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

शाळांचे गठ्ठे तसेच ठेवून शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो. ती पानं मी आप्पांसाठी काढली नव्हती. त्या खोलीत, त्या उशाशी मला बसायचं नव्हतं. चार महिने तेच टाळलं आणि त्याला काम म्हणत राहिलो. आता हळहळून ते महिने परत शिवता येत नाहीत.

फर्मा, सुई, दोरा आणतो आहे. वाचून झालं की त्यांच्यासमोर बसून जोडेन. टाका चुकला तर त्यांच्या अंगठ्याला कळेलच.

मी पोचेपर्यंत कप्तानाला गलबतावरच राहू दे.

तुझा,
धाकटा