चालकाच्या सीटखालचे सात टाके

मी, खाली टाके घालणारी बाई, वय एक्क्याऐंशी, मोटारमिस्त्रींची विधवा, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दबावाखाली नाही. दबाव आणण्याइतका वेळ माझ्यापाशी कोणी टिकतही नाही. मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगते आणि थोरल्याची बायको, म्हणजे माझी सून, लिहिते. चार दिवस मला एका जागी बसवत नाही, म्हणून हे सर्व येरझाऱ्या घालत सांगत आहे. अक्षर हलले असल्यास दोष माझ्या पायांचा.

कारण असे. मिस्त्रींची गाडी थोरल्याने विकायला काढली आहे. विलायती बनावटीची, दोनच माणसांची, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची. मिस्त्रींनी भंगारातून आणली तेव्हा तिच्यात उंदरांचे बिऱ्हाड होते. अकरा वर्षे खपून त्यांनी ती पुन्हा रस्त्यावर आणली. गाडीचे कागद थोरल्याच्या नावावर आहेत आणि विकण्याला माझी ना नाही. उभी गाडी गंजते. पण जाहिरातीत छापले आहे, 'आतील चामडी बैठक मूळ कारखान्याची.' सूनबाईकडून मी ते दोनदा वाचून घेतले.

ती बैठक मी शिवली आहे.

कलम एक. राहते घर व पुढचे गॅरेज माझ्या नावावर आहे. ते थोरल्याला द्यावे. मात्र कलम पाच वाचल्याशिवाय त्याने हुरळून जाऊ नये.

कलम दोन. शिलाईचे यंत्र, दाभण, आरी व मेणाचा गोळा सूनबाईला. ती म्हणते, "आई, लिहिणारीलाच काही ठेवू नका, लोक बोलतील." लोकांना तेवढेच काम. लिही.

कलम तीन. स्वयंपाकघरातल्या स्टुलावरची चामडी गादी माझ्या धाकट्या लेकीला. कुजलेले चामडे शिवणीशिवणीने उसवून, त्यावरून नवे बेतून मी पहिल्यांदा सीटा शिवल्या, त्या दोन्ही डाव्या झाल्या. मिस्त्री म्हणाले, "आता गाडीला दोन बायकाच बसवू, चालवायला कोणी नको." आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. फुकट गेलेल्या खोळीची ती गादी. लेक लहानपणी तिच्यावर बसून पाढे म्हणायची आणि सातावर अडायची.

(येथे मी गॅरेजात जाऊन आले. गाडी आहे जागेवर.)

कलम चार. गाडी रंगवणाऱ्या रंगाऱ्याला काही नाही. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात फळ्यावर त्याचे नाव लागले, वायरमनचे लागले. मी चहाच्या थर्मासपाशी उभी होते. तपासनिसाने सीटवरून हात फिरवला व विचारले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "मूळचीच." घरी आल्यावर मला म्हणाले, "अगं, त्यांना ओळखू आलं नाही, यातच तुझं कौतुक." मी हसले. बावीस वर्षांपूर्वीचे ते हसणे मी या कलमाने मागे घेत आहे.

इतक्यात थोरला दारात आला. जे बोलणे झाले ते सूनबाईने लिहून घ्यावे.

"आई, हे काय चाललंय?"

"मरायची तयारी. तू तुझं काम कर."

"शनिवारी माणूस येतोय गाडी बघायला. घरी शिवलंय म्हटलं तर तो दारातूनच परत जाईल."

"जाऊ दे. दार आहे कशाला?"

"आणि बाबांनीच तसं सांगितलं होतं ना? आता त्यांना खोटं पाडू मी?"

खिडकीपर्यंत तीन फेऱ्या झाल्या. मग कलम पाच सुचले.

कलम पाच. माझा अंगठा दाभणाने गुळगुळीत झाला आहे. पेन्शनच्या खिडकीवरून ठसा उमटत नाही म्हणून मला दोनदा परत पाठवले. म्हणून सहीच्या जागी मेणदोऱ्याचे सात टाके घालीत आहे, चौथा उलट्या तिरपेचा. माझ्या प्रत्येक कामात आतल्या अंगाला ही खूण असते. गाडीत ती चालकाच्या सीटखाली, मागच्या पट्टीत आहे. गाडी देण्याआधी घेणाऱ्याला ती दाखवावी व त्याचा पत्ता लिहून ठेवावा. पुढे हा कागद माझा की बनावट अशी शंका निघाल्यास टाके जुळवून पाहावेत. जुळले तर घर थोरल्याचे. बैठक कारखान्याची असेल, तर या कागदाखालची सहीही कारखान्याने केली असे समजावे, हा कागद चुलीत घालावा व घर दोघा भावंडांत निम्मे-निम्मे व्हावे. मग न्हाणीघर कोणाच्या वाट्याला, ते भांडण पाहायला मी नसेन याचे वाईट वाटते.

थोरला गेला. सूनबाई म्हणते, गॅरेजातून पान्याचा आवाज येतोय. येऊ दे. मी बघायला जाणार नाही.

(गेले होते. दार आतून लावले आहे.)

सही: सात टाके.

साक्षीदार: समोरचा चष्मेवाला; वरच्या मजल्यावरची निवृत्त टपालबाई. दोघांनी टाके घालताना पाहिले. चष्मेवाल्याने दोन वेगवेगळ्या भिंगांतून पाहिले.

ठिकाण: गॅरेजमागची खोली.
दिनांक: जाहिरात आल्यापासून पाचवा दिवस, बुधवार.

थोरल्याच्या हातचे: घर ज्याला मिळते त्याची साक्ष चालत नाही, म्हणून ही साक्ष नव्हे. सीट काढून पाहिली. चौथा उलटाच आहे. शनिवारी त्या माणसाला आईनेच दाखवावा; तोपर्यंत सीट परत बसवत नाही.