अष्टमी रविवारी होती

१० सप्टेंबर, बुधवार

...गोठा झाडून झाला होता. दूध चुलीवर होतं. मी ओसरीत सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्या जुड्या बांधत होते, आणि माय बाजेवर बसून बोटं मोजत होती. सासू असून कधी सासूसारखी वागली नाही, म्हणून मी तिला मायच म्हणते.

"आज एकम, उद्या बीज, मंग तीज, चौथ..." मोजता मोजता आठव्या बोटाशी थांबली. "म्हणजे सोमवारी आठम. माह्या ज्ञान्याचं पित्तराचं पान सोमवारी. बराबर ना व, गोपिके?"

परवाची ही गोष्ट. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

कॅलेंडर मी आधीच पाहिलं होतं. यंदा तीज आणि चौथ एकाच दिवशी आली — आजच. तिच्या बोटांना ते कुठून कळणार? अष्टमी, यांच्या श्राद्धाची तिथी, रविवारी आहे. आणि रविवारीच धरणावरची स्पर्धा, तिच्यात माझं नाव.

"हो माय, सोमवारी." जुडीची गाठ मारता मारता बोलले. मान वरसुद्धा केली नाही!

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. अक्षरओळख तर कधी नव्हतीच. घरात जे वाचायचं ते मी वाचते, आणि मी वाचलं ते तिच्यासाठी खरं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं भाजी बांधायच्या रद्दीतून शिकले. हे बाजारातून यायचे ते रद्दीचा गठ्ठा माझ्यापुढे टाकून म्हणायचे, "घे, तुही शाळा आणली." यांना किती कौतुक होतं माझ्या वाचण्याचं. ते वाचणं मी असं वापरलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज सांगणार होते. माय गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मी जवळ जाऊन बसले तर म्हणाली, "कवळ्या कवळ्या सोमवारसाठी ठेवजो. ज्ञान्याले गवार लय आवडे."

ठेवते म्हटलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दोष मोहिनीवर टाकता येत नाही. ती नणंदेची मुलगी, वर्ध्याला बँकेत आहे, सुटीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर पळते. उन्हाळ्यात आली तेव्हा मी विहिरीत पोहत होते. काठावरून ओरडली — "मामी, तुम्ही पोहता, सायकलवर भाजी नेता, आणि गाय सुटली का तिच्यामागं पळता! तीनही होऊन राह्यलं की!" मग मला न विचारता धरणावरच्या स्पर्धेत माझं नाव देऊन मोकळी झाली. आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकल हाणायची, ती टाकून पळायचं. सगळा टेकड्यांचा रस्ता. मी हसले होते.

पण नाव तिनं दिलं तरी पहाटे उठून रोज विहिरीत उतरले ती मीच. केळझरच्या चढावर भाजी नसताना उगीच सायकल नेली तीही मीच.

खरं ते इथे तरी लिहावं. हे गेले त्याला तीन पावसाळे झाले. दळण दळताना, भाजी तोडताना, झोपेतसुद्धा हे आठवतात. फक्त पाण्यात आठवत नाहीत. पाण्यात शिरले की मी कोणाची कोणी नसते. बाहेर आले की लाज वाटते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते.

मायला विचारलं असतं तर तिनं जाऊ दिलं असतं का? विचारलंच नाही. नाही म्हणाली असती तर मला राहावं लागलं असतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

मायला सांगितलं, उद्या मोहिनीबरोबर एका कार्यक्रमाला जाते. "जाय," म्हणाली, "मोकळी होऊन ये जराशी." याच्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

१४ सप्टेंबर, रविवार

झालं. शेवटून दुसरी आले. माझ्या मागे एक रिटायर मास्तर होते, त्यांच्या पायात गोळे आले म्हणून.

मोहिनीची काळी विजार आणि टी-शर्ट घातला. एका मुलीनं दंडावर मार्करनं नंबर काढला. पाण्यात चांगली होते. बाया-बापे सगळे हातपाय आपटत होते, मी आपली विहिरीतल्यासारखी संथ. कितीक जण मागे टाकले! बाहेर आले तेव्हा मोहिनी नाचत होती. मीही हसले. आज, या दिवशी, मी तोंड भरून हसले.

चढावर सगळं फिटलं. माझी लोखंडी सायकल, गिअर नाही. बाकीची पोरंपोरी भुर्रकन गेली. वळणावर गावोगावची माणसं झेंडी घेऊन रस्ता सांगायला उभी केली होती, त्यांत प्रभाकरराव. यांचे मित्र, आमच्या शेताच्या धुऱ्याला त्यांचा धुरा. दर वर्षी यांच्या जागी पित्तर म्हणून पाटावर जेवायला तेच बसतात.

"अरे बाप्पा! वहिनी? तुम्ही?" झेंडी हलवून ओरडले. मग त्यांचं तोंड बदललं. त्यांना सोमवारचं आवतण मीच दिलेलं. मनात तिथी मोजत असणार.

मी थांबले नाही. मागून आवाज आला, "चला, चला! इतकाच चढ आहे!"

बरोबर जेवायची वेळ होती तेव्हा. यांच्या पानाची.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी दंड घासून घासून लाल केला. नंबर पुरता गेला नाही. बाही खाली ओढून स्वयंपाक केला — कढी, वडे, खीर, गवार.

मायनं प्रभाकररावांचे पाय धुतले, पाटावर बसवलं. ते जेवत होते, ती समोर बसून पाहत होती. दर वर्षी ती त्यांच्याशी लेकाशी बोलल्यासारखंच बोलते, आणि ते लेकासारखी उत्तरं देतात. "पिकाले पाणी बरं झालं यंदा." "हो माय." "गाय व्याली, पाह्यली का?" "पाह्यली." मी खीर वाढायला वाकले तर बाही वर सरकली. त्यांनी नंबर पाहिला आणि मान खाली घातली.

हात धुवायच्या आधी तिनं विचारलं, "वेळेवर बलावलं ना बाबा तुले?"

प्रभाकररावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "वेळेवर बलावलं माय," म्हणाले.

मी अंगणात हातावर पाणी द्यायला गेले तेव्हा ते हळूच बोलले, "आमच्या घरचे पित्तर बुधवारी झाले वहिनी, तीज-चौथ एकाच दिवशी. आठम काल होती, मले माईत आहे. पण तिच्या तोंडाकडं पाहून जीभ उचलेना." मग म्हणाले, "असं मले पुन्हा नका करायले लावू."

मी जुड्या बांधता बांधता खोटं बोलले. त्यांना यांच्या पाटावर बसून बोलावं लागलं. म्हणजे माझ्यासाठी मायशी खोटं बोलले ते प्रभाकरराव नव्हेत, हे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मायला सांगितलं. सगळं. स्पर्धासुद्धा.

ती लुगड्याचा काठ चिवडत बसली. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे आईतवारी माहा पोरगा दारातून उपाशी गेला."

१८ सप्टेंबर, गुरुवार

बोलत नाही. जेवते, पण ताट स्वतः वाढून घेते.

विहिरीकडे गेले नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

मोहिनीचा फोन. डिसेंबरात अजून एक स्पर्धा आहे म्हणे, नाव देऊ का? नको म्हटलं. "काऊन मामी?" मी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी माय चार दिवसांनी बोलली. "उद्या अमोशा. ज्याईचं चुकलं त्याईचं उद्या करतात. साबूत उडीद भिजू घाल."

प्रभाकररावांना सांगून येते म्हटलं. "नाई. त्याले नको सांगू."

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या

पाट मांडला. मी विचारलं, बसणार कोण?

"तू."

माय, मी बाई माणूस, त्यात विधवा, मी कशी बसू? लोक काय म्हणतील?

"लोक कुठं आहेत येथी? दुसऱ्याच्या पोराले खोटं बोलाले लावलं न तू. आता जे बोलाचं ते तूच बोल. बस."

बसले. तिनं चाचपडत माझे पाय धुतले. मी मागे घेतले तर घोटा घट्ट धरून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं वाढलं आणि मी खाल्लं. ती समोर बसून माझ्याकडे पाहत होती — पण मला दिसत होतं, ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिच्या धुरकट डोळ्यांपुढे तिचा लेक जेवत होता.

पान उठवायच्या आधी तिनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

"ज्ञान्या, राग आहे का रे तुले हिच्यावर?"

२२ सप्टेंबर, सोमवार

"नाई, माय," असं म्हणाले मी काल.

आज पहाटे विहिरीत उतरले.